हिरड्यांच्या रंगाचं आरमार

कवळ्या बनवण्यात तीस वर्षं घालवलेल्या बाईचा हात हलत नाही, आणि ती स्वतःही जागची सहजासहजी हलत नाही, हे क्लबातल्या पुरुषांना एव्हाना ठाऊक असायला हवं होतं.

दर रविवारी दुपारी बुकबाइंडरच्या दुकानावरच्या क्लबाच्या खोलीत दोन टेबलं जोडून निळं कापड अंथरलं जाई आणि बोटाएवढ्या खेळण्यातल्या युद्धनौकांच्या लढाया फासे टाकून चालत. कवळ्या बनवणाऱ्या ताईंचं आरमार इटालियन. नऊ वर्षांत एकेक करून जमवलेल्या अकरा नौका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याच विमानांनी आपल्यावर बाँब टाकू नयेत म्हणून इटालियन नौकांच्या पुढच्या डेकवर लाल-पांढरे तिरपे पट्टे असत. ताईंनी काढलेल्या पट्ट्यांत भिंग लावूनही बोट ठेवायला जागा सापडत नसे.

अकरावी नौका मात्र त्यांच्या धाकट्या बहिणीने रंगवली होती, शेवटच्या आजारपणात, उशीला टेकून. हात थरथरत होता, आणि लाल रंगाऐवजी तिने उचलली ती ताईंच्या कवळ्यांच्या कामाची बाटली. पट्टे हिरड्यांसारखे गुलाबी झाले.

"राहू दे गं," बहीण म्हणाली होती. "शत्रू हसता हसता बुडेल."

पंधरा दिवसांनी ती गेली.

ती नौका ताईंनी पहिल्यांदा टेबलावर मांडली, त्या दिवशी समोर औषधांचा दुकानदार होता. "कवळी पाण्यात पडली की काय?" तो म्हणाला आणि खोली हसली. पंच हसले नाहीत. निवृत्त मोजणीदार माणूस, हातातली स्टीलची पट्टी अजून सुटली नव्हती. त्यांनी नियमांची वही उघडली.

"एका आरमारातल्या सगळ्या नौकांचे पट्टे एकाच रंगाचे हवेत. ही एकटी वेगळी आहे. लाल करून आणा ताई, दहा मिनिटांचं काम. तोवर ही टेबलावर नको."

"माझ्या बहिणीने रंगवलीय ती."

"म्हणून नियम बदलायचा का?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. नौका डब्यात भरून त्या तडक जिना उतरल्या.

घरी त्यांनी लाल बाटली उघडलीसुद्धा. ब्रश बुडवला. मग दिसलं, एका ठिकाणी पट्टा घसरला होता आणि बहिणीने तो नखाने ढकलून जागेवर आणला होता. ओल्या रंगात नखाची खूण तशीच वाळली होती. ताईंनी लाल बाटलीला झाकण लावलं, पंचांचे शब्द पुन्हा मनात घोळवले आणि दुसरी बाटली पुढे ओढली.

पुढच्या रविवारी नौका मांडल्या गेल्या तसे सगळे टेबलाभोवती जमले. अकराच्या अकरा गुलाबी. नऊ वर्षांचं ते बिनचूक लाल काम ताईंनी खरवडून टाकलं होतं.

"अहो ताई, किती सुरेख होते ते पट्टे," दुकानदार पुटपुटला.

"होते."

पंचांनी एकेक नौका पट्टीशेजारी धरून पाहिली, वहीची पानं मागे-पुढे केली. शेवटी म्हणाले, "नियमात बसतंय."

"बसणारच. नियम ऐकूनच रंगवलंय."

वाकड्या पट्ट्यांची नौका ताईंनी सगळ्यांत पुढे ठेवली. दुकानदाराने ओठ दाबून धरले होते, पण हसू फुटलंच, आणि मग त्याला टेबल धरून उभं राहावं लागलं.

ताईंनी फासे त्याच्यापुढे सरकवले. "हसा पोटभर. बहीण सांगूनच गेलीय. हसून झालं की टाका, मी तुम्हाला बुडवायला आलेय."