दोन घंटांची एक दोरी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. आज किन्हीराजाच्या शाळेत तुम्ही मला हौसेने बडवता, पण माझी उमेदीची वर्षे गेली ती रिसोडच्या वाटेवरच्या एका रुईच्या कारखान्यात. ही गोष्ट एकोणीसशे चौपन्नच्या हंगामातली.

तिथे रुई दाबून गाठी बांधत. बंजारा तांड्यावरची रामीबाई खोल लाकडी पेटीत उतरून पायांनी रुई तुडवी. पेटी भरली की वरून लोखंडी दाब उतरे. दाब सोडणारे इब्राहीमभाई भिंतीपलीकडे इंजिनाशी असत. त्यांना पेटी दिसत नसे. म्हणून त्यांनी युक्ती काढली. मुकादम जगदेव माळ्यावरून एक दोरी ओढी. तिला दोन फाटे होते. एक पेटीत माझ्याकडे, दुसरा इंजिनघरात माझ्या बहिणीकडे. मी वाजले की रामीबाई शिडीने बाहेर येई. बहीण वाजली की इब्राहीमभाई जरा दम खाऊन दाब सोडत. घड्याळ पाहायची गरजच नाही! "एक वाजली म्हंजे दुसरी वाजलीच समजा," असे ते ऐटीत सांगत.

बहिणीला चिंचेने घासून लख्ख ठेवत. माझ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नसे, आणि याचा मला रागच येई. रुईचा कचरा माझ्या तोंडात साचत गेला.

एका दुपारी जगदेवने दोरी ओढली. मी हलले, पण माझी जीभ रुईच्या कचऱ्याच्या बोळ्यात रुतली होती. पलीकडे बहीण खणखणली. रामीबाई खाली मान घालून तुडवतच राहिली. माझा जीव नुसता तडफडत होता. तिच्या घागऱ्यावरचे आरसे एकदम विझले, तेव्हा तिने वर पाहिले. दाब निम्म्यावर आला होता आणि शिडी त्याच्या आड गेली होती.

"इब्राहीमभाऊ! मी आत आहो!"

इंजिनाच्या धडधडीत ते कोण ऐकणार? मग तिने माझ्या दोरीला लटकून हिसका दिला. मी मुकीच राहिले. पण तो हिसका फाट्यावरून उलटा गेला आणि इंजिनघरात बहीण वाजली.

"आता काहून वाजली?" म्हणत इब्राहीमभाईंनी झटकन दांडा फिरवला. दाब रामीबाईच्या डोक्यावर हातभर अंतरावर थांबला.

तिला बाहेर काढल्यावर त्यांनी माझ्या तोंडातला बोळा उपसला. "माह्या कानाशी वाजली, अन् मी समजलो तुले बी आयकू गेली," ते म्हणाले.

तेव्हापासून रामीबाईने बाहेर येऊन उलट दोरी ओढल्याशिवाय दाब हलेना. जगदेव कुरकुरला, "अन् जबाब आलाच नाही तं? बाई येऊन राह्यली का अडकली, कसं समजन? किती वाट पाह्यची?"

"ते दोरीले नाही समजत, भाऊ," इब्राहीमभाई म्हणाले. "उठून जा लागते अन् पाहा लागते."

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा. आणि माझा टोल झाल्यावर एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथल्या मुलाने ऐकलेच असेल असे धरून चालू नका. त्याच्या घरापर्यंत जाऊन या.