परतीची तारीख

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कामच खुसपटं काढण्याचं, त्यामुळे माझा स्वभावही तसाच झालाय. सध्या आमच्याकडे एका छोट्या देशाच्या रेल्वेचं काम आहे. शेजारच्या डेस्कवरचा दावित तिथलाच.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या बलाढ्य शेजाऱ्याचं सैन्य तिथे सरावाला येणार होतं. "दहाच दिवस असतील, असं आई म्हणते," दावितने मला सांगितलं होतं.

सोमवारी त्या सैन्याच्या गाड्यांचं वेळापत्रक सिस्टिममध्ये भरण्याआधी माझ्याकडे तपासायला आलं. रणगाडे घेऊन येणाऱ्या चाळीस गाड्या होत्या. येण्याची तारीख सगळ्यांना होती, परतीची एकीलाही नव्हती. मी वैतागले. परतीची तारीख भरल्याशिवाय आमच्या सिस्टिममध्ये स्पेशल गाडी सेव्हच होत नाही. कुणीतरी आळस केलाय, असं समजून मी रेल्वेला जरा तिखटच लिहिलं, "परतीच्या तारखा राहिल्या आहेत. भरून पाठवा."

तासाभरात उत्तर आलं, पण रेल्वेकडून नाही. शेजारच्या देशातल्या कुणा कर्नलने लिहिलं होतं, "चूक नाही. तारीख भरायची अट काढून टाका."

दावितने ते माझ्या मागे उभं राहून वाचलं. मग कोट न घालताच तो आईला फोन लावत बाहेर गेला.

मॅनेजरने काम आजच संपवायला सांगितलं. पाचपर्यंत अट निघाली. टेस्ट मीच केली. एकही चूक सापडली नाही.