थोरल्याच्या घराची तपासणी

“मेन बंदच आहे,” दादा खुर्चीतून म्हणाला. “त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नाही.”

धाकट्याने तरीही टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्डाचं झाकण उघडलं. शाळा, दवाखाने, गिरण्या, लोकांची घरं; कुठे वीज गळते, कुठे धोका आहे, हे शोधण्यातच त्याची नोकरी सरत आली होती. या घरात मात्र तो आला की वहिनी त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी काढून घ्यायच्या. “इथे तरी माणसासारखे बसा जरा, भाऊजी.” आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं.

मागच्या पंधरवड्यात कपडे धुण्याच्या मशीनला हात लावताच त्या कोसळल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

मशीन आतून बिघडलं होतं. घराचं अर्थिंगही नावापुरतंच उरलं होतं. पण अशा वेळी वीज तोडायलाच तर बोर्डात सेफ्टी स्विच होता. तो का पडला नाही? त्याने बॅटरी धरून वाकून पाहिलं. स्विचला वळसा घालून तारेचा एक तुकडा जोडलेला होता. आता स्विच पडला तरी वीज चालूच राहणार होती.

त्याने तुकडा सोडवला आणि मुठीत धरला.

पुतणी दारात येऊन उभी राहिली. “काका, मशीनच खराब होतं ना?”

“हो गं. जुनं झालेलं.”

“मग स्विच का नाही पडला? तुम्हीच तर बसवायला लावला होता.”

“मशीनच...” तो पुन्हा म्हणाला.

“त्याला खोटं बोलायला लावू नकोस,” दादा म्हणाला. “स्विच सारखा पडायचा. तुझी आई म्हणाली, भाऊजींना बोलावू. मी म्हटलं, दिवसभर तेच करून दमतो तो, घरी तरी कशाला. तार मीच लावली.”

पुतणी वडिलांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. त्यांच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

अर्थिंग नवं करण्यात दुपार गेली. मग त्याने आधी एकट्या स्विचची चाचणी घेतली. तो खटकन पडला. त्यानंतर त्याने एकेका खोलीची वीज सुरू केली.

स्वयंपाकघरातला पंखा आपोआप फिरू लागला. त्या सकाळी वहिनींनी लावलेला. त्याचं बटण बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ओट्यावरचं वाळलेलं फडकं हलायला लागलं.

पुतणी बटण बंद करायला उठली.

“राहू दे,” दादा म्हणाला.