सवतीला पंप बसवला

माझी सवत खाली अंगणात उभी असते. पांढरी कॉन्टेसा गाडी. मलबार हिलच्या ज्या सेठांकडे आमच्या ह्यांनी उभी हयात ड्रायव्हरी केली, त्यांनी मुलाकडे परदेशी जाताना ती ह्यांना देऊन टाकली. घोडपदेवची आमची चाळ टाळ्या वाजवत होती आणि मी कपाळाला हात लावला होता. राहायला एक खोली आणि दारात हत्ती! तेव्हापासून सकाळी माझ्याआधी तिचं तोंड बघायचं, चहाच्या आधी तिच्या काचा पुसायच्या. मी तिला नावं ठेवायची एक संधी सोडली नाही. तरी तिच्या पंपासाठी जिवाचं रान केलं ते मीच.

गेल्या शिमग्यानंतर ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, पण डावा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. शब्द येतात, पण बोबडे. ज्या माणसाची हाक तिसऱ्या मजल्यावरून नाक्यापर्यंत जायची, तो माझ्याशिवाय कुणाशी बोलेना. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग. मला त्या लुळ्या हाताचं नव्हतं एवढं दुःख त्या सोंगाचं होतं.

एकदा मोठ्या मिनतवारीने खाली उतरले आणि गाडीत बसले. गाडी चालू झाली, पण स्टेअरिंग काही केल्या वळेना. ह्यांना वाटलं, आपला हातच मेला. खरं म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा पंप गेला होता. इतके महिने उभं राहून सील सुकले, तेल सगळं जमिनीवर. एरवी बोटाने वळणारं चाक दगड झालं होतं. पण ऐकतंय कोण? वर आले आणि राहुलला, आमच्या मुलाला, म्हणाले, "इकून टाक तिका."

राहुल म्हणाला, "आई, विकूया ना. तू तर किती वर्षं मागे लागलीयस."

"गप बस!" मी खेकसले. "तुझ्या बापाला चार माणसांत परत आणील अशी दुसरी कुठली वस्तू आहे तुझ्याकडे? असेल तर दाखव, आणि मग विक."

माझा भाचा सुशांत, त्याचं लालबागला गॅरेज आहे. तो म्हणाला, "मावशी, ह्या गाडीचे पार्ट देवाघरी गेले गं." मी रोज फोन करून त्याचं डोकं खाल्लं. शेवटी कुर्ल्याच्या भंगारात त्याला तसाच एक पंप मिळाला. त्याने तो उघडून धुतला, नवे सील टाकले आणि एका रविवारी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन आला.

आमच्या चाळीत बॉनेट उघडलं की गॅलऱ्या भरतात. बेल्ट सुटला तशा सूचना सुरू झाल्या. जुन्या पंपाचा एक बोल्ट गंजून बसला होता, तर कालिंदीवहिनी वरून म्हणे, गरम पाणी ओता. जिने आयुष्यात प्रेशर कुकरची रिंग स्वतः बदलली नाही, ती! सुशांतने कुणाकडे लक्ष दिलं नाही. बोल्ट काढला, नवा पंप बसवला, पाइप आवळले, बेल्ट चढवला. मग पुढची चाकं जॅकवर उचलून म्हणाला, "आता आतली हवा काढायची. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, आणि मी तेल टाकत राहणार. राहुल, तू बस."

"राहुल नाही," मी म्हटलं आणि जिना चढले.

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हटलं, "चला, तुमच्या बाईला ड्रायव्हर पाहिजे."

"हात नाय चलत."

"चाकं अधांतरी आहेत. शेंबडं पोरही फिरवील. एक हात पुरे. आणि उठणार नसाल तर मी बसते."

मी तिच्या सीटवर! हे ताडकन नाही, पण उठले.

ह्यांना गाडीत बसवलं. सुशांत तेलाच्या डबीत बघत सांगू लागला, "डावीकडे, काका. हळू. आता उजवीकडे." उजव्या हाताने चाक फिरू लागलं. डबीत भाताला कढ यावा तसे बुडबुडे येत होते. मी तेलाचा डबा धरून उभी होते, पण माझं लक्ष चाकावर होतं. थोड्या वेळाने लुळा हातही कुणी न सांगता चाकावर येऊन बसला. काही करत नव्हता, नुसता बसला होता. मला तेवढं पुष्कळ झालं.

बुडबुडे थांबले, इंजिन सुरू केलं. पंप आधी कण्हला, मग गप झाला. चाकं जमिनीवर टेकवली आणि ह्यांनी एका हाताने स्टेअरिंग पार टोकापर्यंत नेलं. ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत नाही.

आणि सुशांत बोलून गेला, "काका, गाऱ्हाणं घाला, म्हणजे आवारातल्या आवारात एक फेरी मारू."

आम्हा कोकणातल्या माणसांत गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवं काही सुरू होत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. चाळीत कुणाची रिक्षा येवो की मिक्सर, गाऱ्हाणं ह्यांचंच. सुशांत सवयीने बोलला आणि त्याने जीभ चावली. सगळे जमिनीकडे बघू लागले. ह्यांनी इंजिन बंद केलं. हात दाराच्या कडीवर गेला. वर जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे मला दिसलं. मी डबा खाली ठेवला, हात जोडले आणि ओरडले,

"हे देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राहुल आणि सुशांत बिचारे म्हणाले.

"आज आमी गाडयेक पंप बसयलो आसा..."

पुढे काय? ठणठण गोपाळ. मुद्दाम चुकले असं सांगायला मला आवडलं असतं, पण मला खरंच येत नव्हतं. बायकांना कोण शिकवतंय!

"आदी जागेवालो!"

गाडीतून आवाज आला. बोबडा, पण तिसऱ्या मजल्यावर पोचला.

"ऱ्हवतंस घोडपदेवाक, आणि हाक मारतंस गावच्या देवाक? हय जो देव आसा, तेका आदी इचारूक होया. गप ऱ्हव तू!"

मी इतक्या आनंदाने कधीच गप राहिले नसेन. हे दार धरून बाहेर आले, उभे राहिले. "हे घोडपदेवा, जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गॅलऱ्याही म्हणाल्या.

निम्मे शब्द कळत नव्हते. कुणाचं काही अडलं नाही.

"ह्या म्हाताऱ्या गाडयेक चलती ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो हात येवंदे, नायतर ऱ्हवांदे. तुझी मर्जी."

ह्यावर कुणाला "व्हय" म्हणवेना. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पण ही माझी बायल, कमळ. माझ्या आदी हिका न्हेव नको. आणि माझ्या मागे हिका एकटी ठेव नको रे म्हाराजा!"

अख्खी चाळ गरजली, "व्हय म्हाराजा!" फक्त माझ्या तोंडून आवाज फुटेना.

"तू पण म्हण गो," हे म्हणाले.