पिवळ्या कोटातली

काचेच्या खालच्या कोपऱ्यात फ्रेमवाल्याच्या चिकटपट्टीचा तुकडा अजून तसाच होता. उमादेवीनं तो नखानं उचकटून पाहिला आणि नेहमीसारखाच सोडून दिला, कारण तो मंजुश्रीच्या हातून राहिला होता... मागच्या दिवाळीत लातूरच्या या नव्या घरात, स्टुलावर चढून, लेकीनंच ही सहा चित्रं लावली होती — ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मासिकांची मुखपृष्ठं, पुण्याहून छापून आणलेली. टोप्या घातलेल्या बाया, लांबलचक मोटारी, बर्फ. शेजारच्या गौरम्मा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, "ह्या मडमा कोण गं तुमच्या?" आणि मंजुश्रीनं फलाटावर बॅग घेऊन उभ्या असलेल्या, पिवळ्या कोटातल्या पोरीकडं बोट दाखवलं होतं — "ही तर मीच हाय की, काकू!"

बॅग घेऊन निघाली ती निघालीच. पुण्यात आठ दिवसांचा ताप, आणि मग... इथं उमादेवी विचार थांबवायची. सात महिने तिनं एवढंच एक काम नेमानं केलं होतं.

सोमवार होता. समोरच्या भिंतीवर सासू, सासरे आणि थोरले दीर ओळीनं बसलेले; दर सोमवारी काचा पुसून त्यांना तीन बोटांनी विभूती लावायची, ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत, आणि जित्या माणसाच्या फोटोला चुकूनही बोट लावायचं नाही, हीही त्यांचीच. म्हणून तर यजमानांनी, भीमाशंकरांनी, मोठा करून आणलेला मंजुश्रीचा फोटो अजून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागं उभा होता. आज सकाळीही त्यांनी विचारलंच.

"आज तरी लावू का? खिळा हाय माझ्याकडं."

"जागा कुठं हाय? भिंत भरली की सगळी."

भिंत भरलेली नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पण एकदा का तो फोटो वर गेला, की पुढच्या सोमवारी मला हात उचलावा लागेल... तिच्या कपाळावर... नको. त्यापेक्षा या मडमा बऱ्या. त्यांना काही लावावं लागत नाही, फडकं फिरवलं की झालं.

थोरल्या दिरांपर्यंत विभूती लावून झाली. मग बर्फ पुसला, मोटार पुसली, पोरीचा पिवळा कोट पुसला — या कोटासारखाच रंग मंजुश्रीला लहानपणी आवडायचा, शाळेच्या गॅदरिंगला हट्ट धरून तसला फ्रॉक शिवून घेतला होता, उसवला तरी सोडेना, मीच शेवटी लपवून ठेवला, कुठं बरं ठेवला... आणि बोटांना काच गार लागली.

पोरीच्या कपाळावर तीन पट्टे उमटले होते. स्वच्छ, सरळ, एकसारखे.

 उमादेवीनं फडकं उचललं. पण पुसणार कसं? लावलेली विभूती त्या दिवशी पुसायची नसते. हाताला कधी कळलं हे? मला न विचारता, कधी कळलं? तिला त्या हाताचा राग आला, आणि रागापाठोपाठ इतक्या महिन्यांचं रडू आलं.

"काय झालं गं?" भीमाशंकर दारात येऊन थांबले. त्यांनी काच पाहिली. मग हलकेच म्हणाले, "कपाटामागनं काढू का फोटो?"

जागा कुठं हाय, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले. तिची नजर पिवळ्या कोटाशेजारच्या हातभर रिकाम्या भिंतीवर गेली. साडीला लागू नयेत म्हणून विभूतीची तीन बोटं तिनं तशीच वर धरली होती.