बुटाची नाडी

भाचीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट एव्हाना घरादाराला माहीत झाली होती. पत्र मोजकंच होतं. 'मामा, माझं पहिलं पुस्तक निघतंय, घरगुती समारंभांच्या फोटोंचं. आईच्या पंचाहत्तरीतला तुझा फोटो मुखपृष्ठावर घ्यायचाय. प्रत सोबत आहे. तू नको म्हणालास तर घेणार नाही, पण तसा दुसरा माझ्याकडे नाही. महिनाअखेर छापखान्याला सांगायचंय. तुझी बारकी.'

फोटोत मी तोंड उघडून हसत होतो.

माझे वरचे पुढचे दोन दात नाहीत आणि उरलेले एकमेकांशी अबोला धरून उभे आहेत. मी हसताना तोंडावर हात धरतो, तो लहानपणापासून. जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात. दुसऱ्याच्या पानावरची चूक मी खोडू शकत होतो. इथे काय खोडणार?

बारकीने मला गाठलं कसं, ते सांगायला हवं. आमचे आबा फोटोसाठी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायचे. हनुवटी वर, श्वास आत. आबा गेले, पण रांग राहिली. कुणी कॅमेरा उचलला की आम्ही आपोआप उंचीप्रमाणे लागतो. नवे जावईसुद्धा वर्षभरात आपली जागा ओळखतात.

ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पंचाहत्तरीला बारकी आली ती कॅमेरा पिशवीतच ठेवून स्वयंपाकघरात मटार सोलत बसली. मावशीची गाऱ्हाणी ऐकली, कुणाचं बाळ मांडीवर घेतलं. मग कॅमेरा काढला आणि आम्ही सोफा नि कपाटाच्या मध्ये रांगेत लागलो.

"बारके, आटप लवकर," भाऊजी म्हणाले. "हे पोट फार वेळ आत राहत नाही."

"बाबा, ते आत आहे होय?"

टक असा आवाज झाला. "झालं," ती म्हणाली. सगळ्यांनी श्वास सोडला. तिने मला नंतर सांगितलं, रांगेचा फोटो ती काढतच नाही, नुसतं टक करते. तिचं काम सुरू होतं ते आम्ही श्वास सोडल्यावर.

रांग मोडली तेव्हा ताईच्या बुटाची नाडी सुटली होती. गुडघ्यांमुळे ती घरातही बूट घालते आणि तिला वाकता येत नाही. मी खाली बसलो. तोल सावरायला तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घसरतोय रे हात. धरायला चार केस तरी ठेवायचेस."

मी हसलो. दोन्ही हात नाडीत गुंतलेले होते.

आता ही पोर तो फोटो दुकानादुकानांतून मांडणार. मी 'नको' असं लिहिलं, पण तिचं पहिलंच पुस्तक, म्हणून टपालात टाकवेना. 'घे' असं लिहायला बसलो की हात तोंडाकडे जायचा. शेवटी फोटो शब्दकोशात दडपला. घोंगडं भिजत पडलं आणि महिना संपत आला.

एके सकाळी ताई जिना चढून आली. धापा टाकत खुर्चीत बसली.

"पोरगी फोनपाशी बसून असते. काय ते सांगून टाक तिला."

"ताई, दात बघितलेस का माझे?"

"मग? कुणाला चावायला निघालायस?"

"लोक हसतील."

"हसऱ्या माणसाकडे बघून लोक काय रडतात? कुठाय तो फोटो?"

मी शब्दकोश उघडला. तिने फोटो लांब धरून बघितला. मग चष्मा लावला आणि पुन्हा बघितला.

"यात मी कुठे बघतेय?" तिने विचारलं.

"माझ्या टकलाकडे."

"हो ना. त्या दिवशी मला तेवढंच दिसलं. तू हसलास, ते नुसतं ऐकू आलं." तिने चष्मा काढला. "तुझे दुधाचे दात पडले, तेव्हा तुला सगळ्यांत जास्त मीच चिडवलं होतं. तेव्हापासून तुझा तो हात. तू हसतोस कसा, ते मी विसरूनच गेले होते रे. बारकीने दाखवलं तेव्हा कळलं."

ताई फोटो पर्समध्ये घालू लागली.

"अगं, तो माझा आहे."

"पुस्तक निघालं की त्यातला बघ," ती म्हणाली. "हा माझ्याकडे राहू दे. आणि ही नाडी बघ, परत सुटलीय."

मी खाली बसलो. तिने डोक्यावर हात ठेवला, आणि या खेपेला तो घसरला नाही.

तिला जिन्याखाली पोचवून आल्यावर मी लिहिलं, 'बारके, घे. दात आहेत तसे राहू देत, एकही दुरुस्ती नको. मामा.' कागद पुन्हा वाचायचा नाही असं ठरवून पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. पाकीट आत पडल्यावर आठवलं, उशीर झाल्याबद्दल एक शब्दही लिहायचा राहिला होता.