रेडिओच्या पाठीवरून

ब्रेकमास्तरांचा उजवा पाय घरातही ब्रेक दाबत असे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा कुणाच्या अंगावर जायला निघाला की तो दाबायचा. वर्षानुवर्षं दाबून पायाला सवयच जडली. जेवताना पेला कलंडतोय असं वाटलं तरी पाय खाली जाई. पेला अर्थातच कलंडत असे. डावा पाय मात्र शांत होता. तो युद्धापासूनच शांत होता.

त्या आठवड्यात उजव्या पायाला क्षणभर उसंत नव्हती. कारण होतं एक पत्रक, आणि त्याचा लेखक समोर बसून जेवत होता. तो मास्तरांचा जावई. विरोधी पक्षाच्या कार्यालयात लिहिण्याचं काम करी. पत्रकात म्हटलं होतं की छातीवर शौर्यपदक लावून मतं मागणारे हे उमेदवार नदीवरच्या लढाईत नव्हतेच. त्या दिवशी ते मागच्या तंबूत कांदे सोलत होते.

"जावईबुवा, हे कांदे कुठून आणलेत?" मास्तरांनी विचारलं.

"तपशील लागतो, बाबा. नुसतं 'नव्हते' म्हटलं तर लोकांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. कांदे म्हटलं की येतं."

"पाणी येतं. तो नदीवर होता."

"असेलही. पण सांगायला कोण उरलंय?"

"मी."

लेकीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाबा, ह्यांची नोकरी अजून कच्ची आहे. निवडणूक झाली की पक्की करू म्हणालेत. तुम्ही उठून त्या माणसाची बाजू घेतलीत तर ह्यांना उद्याच घरी पाठवतील. थोडे दिवस गप्प नाही का बसता येणार?"

गप्प राहता आलं असतं. बसता येत नव्हतं. मास्तर उठले, खिडकीपर्यंत गेले, खिडकीत काही नव्हतं म्हणून परत आले.

बरं, त्या माणसाची बाजू घ्यावी इतकं प्रेमही नव्हतं. मास्तर त्याला मत देणार नव्हते. गेली कित्येक वर्षं तो नगरसेवक होता आणि ड्रायव्हिंग स्कूलसमोरचा खड्डा बुजवतो म्हणून दर निवडणुकीला शब्द देत होता. त्या खड्ड्यावर मास्तर आता नवशिक्यांना हाफ क्लच शिकवत. पण तो नदीवर होता. मास्तरांएवढं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते स्वतः त्याच्या पाठीवर होते.

उमेदवाराने पत्रकार परिषद बोलावली त्या दिवशी मास्तर एका बाईंना शिकवत होते. चौकात ते "डावीकडे घ्या" म्हणाले. खरं तर उजवीकडे जायचं होतं. गाडी सभागृहासमोर आली आणि ब्रेक दाबला गेला.

"मी काय करू आता?" बाईंनी विचारलं.

"न्यूट्रलमध्ये बसा."

आत उमेदवार व्यासपीठावर घाम पुसत होता. पलटणीत त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे. आज मात्र खरखरच जास्त येत होती. "साक्षीदार आहे का कुणी?" पुढच्या रांगेतली एक बातमीदार विचारत होती. मास्तर लंगडत माइकपाशी गेले.

"आहे," ते म्हणाले. "नदीवर माझा डावा पाय जायबंदी झाला. ह्याने मला पाठीवर घालून मागे आणलं. गोळ्या चालू होत्या."

प्रचारप्रमुखाने टाळ्या सुरू केल्या. बातमीदार थांबली. "त्या दिवशी दाट धुकं होतं म्हणतात. तुम्ही त्यांचा चेहरा पाहिलात?"

"पाठीवरच्या माणसाला चेहरा दिसत नाही. मान दिसते."

"मग हेच होते कशावरून?"

"बोलण्यावरून. सगळा रस्ता बोलत होता. म्हणाला, दवाखाना पुढच्या वळणावर आहे. वळण गेलं, मग म्हणाला त्याच्या पुढच्या. डॉक्टर ओळखीचा आहे म्हणाला. काही झालं नाही, नुसतं खरचटलंय म्हणाला. हाड बाहेर आलं होतं. आणि मधून मधून, 'हे काय, आलंच, थोडंच राहिलंय.'"

"आणि दवाखाना?"

"नव्हता. एक गळका तंबू होता, दोन टेकड्यांपलीकडे. डॉक्टर कुणालाच ओळखत नव्हता."

"म्हणजे ते सतत खोटं बोलत होते?"

"सतत," मास्तर जरा उत्साहातच म्हणाले. "धाप टाकायला थांबत होता तेवढंच. म्हणून तर मी जागा राहिलो."

शेवटचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. सभागृह हसत होतं. प्रचारप्रमुखाने माइकवर हात ठेवला होता. उमेदवार खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी नवं पत्रक निघालं. त्यात कांदे नव्हते. त्यात लिहिलं होतं: 'साक्षीदारच सांगतो, सतत खोटं बोलत होते.' जावयाची नोकरी निवडणुकीआधीच पक्की झाली, शिवाय हात असलेली खुर्ची मिळाली.

"घ्या," लेक म्हणाली. "तुम्ही खरंही बोललात आणि ह्यांचंही काम झालं. आता तरी टेका जरा."

"मी म्हणालो त्यातलं अर्धंच छापलंय."

"जागा कमी असते, बाबा," जावई समजुतीच्या स्वरात म्हणाला.

मास्तर खिडकीपर्यंत जाऊन आले.

प्रचार संपत आला तेव्हा उमेदवार त्यांना ड्रायव्हिंग स्कूलसमोर दिसला. खड्ड्याच्या काठावर उभा होता. बरोबर एकच कार्यकर्ता, तोही घड्याळ बघत असलेला. मास्तर गाडीतून उतरले.

"रेडिओ, मी तुझी वाट लावली."

"छे रे. तू आलास हेच खूप झालं. उलट लोक आता जास्त ओळखतात मला. वातावरण एकदम आपल्या बाजूचं आहे. त्या पत्रकाचं काही नाही, नुसतं खरचटलंय." तो धाप टाकायला थांबला. "हे काय, आलोच निवडून. थोडंच राहिलंय."

मास्तरांनी हा आवाज पूर्वी एकदाच ऐकला होता, मानेमागून. किती लागलं आहे ते त्यांना कळलं.

"आलासच की," ते म्हणाले. "पुढच्या वळणावर तर आहे."

रेडिओने त्यांच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग मास्तरांचा हात दाबला आणि खड्ड्याला वळसा घालून निघून गेला.

मतदान करून मास्तर घरी आले. मत कुणाला दिलं हे विचारायची पद्धत नसते, पण जावयाने विचारलं.

"खड्ड्याला," मास्तर म्हणाले. खुर्चीत बसले, लेकीला चहा टाकायला सांगितला, आणि तो यायच्या आत पुन्हा उठले.